साहेबांची बदकं

निवृत्तीनंतर साहेबांना हुकूम सोडायला माणूसच उरला नाही. बायको ऐकून न ऐकल्यासारखं करायची, मुलगी फोनवर "हो बाबा, हो बाबा" म्हणत भलतंच काहीतरी करत असायची. म्हणून त्यांनी परसबागेचा कारभार हाती घेतला. तिथे गोगलगायींनी कोबीची चाळण करून टाकली होती.

साहेबांनी चार पुस्तकं वाचली आणि चार बदकं आणली.

"त्यांना डुंबायला पाणी लागेल ना?" बायकोने विचारलं.

"घमेलं ठेवलंय. लाड नकोत. कामावर आणलंय त्यांना."

बदकांनी गोगलगायी फस्त केल्या आणि तोंडी लावायला कोबीची कोवळी रोपंही. घमेल्यातल्या पाण्याचा बघता बघता चिखल झाला. साहेब काठी घेऊन ओरडायचे, "रांगेत! एकामागून एक!" बदकं रांगेतच चालायची, फक्त उलट्या दिशेला. बायकोने मागच्या दारातून नुसतं "या गं" म्हटलं, की मात्र माना हलवत धावत सुटायची.

तरीही साहेबांनी बागप्रेमी मंडळाला व्याख्यानाला बोलावलं. विषय, 'बदकपालनातील शिस्त'. मंडळी खुर्च्यांवर बसली, साहेबांनी घसा खाकरला, आणि पाहतात तो बागेत एकही बदक नाही! कुंपणापलीकडून पाणी उडाल्याचा आवाज येत होता.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या कमळाच्या हौदात चौघी मनसोक्त डुंबत होत्या. सगळं मंडळ कुंपणाशी गोळा झालं.

"प्रात्यक्षिकासाठी मीच पाठवलीत," साहेब म्हणाले.

"फार उपकार झाले," डॉक्टर म्हणाले. "गोगलगायींनी वैताग आणलाय. कुठून येतात देव जाणे."

"ह्यांच्याकडून," चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको म्हणाली. "बदकं यायच्या आधी रोज वेचून तुमच्याकडेच भिरकावायचे."

कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि मध्येच थांबलं. साहेबांचे कान लाल झाले. डॉक्टर मात्र इतके हसले, की त्यांना हौदाच्या काठावर बसावं लागलं.

कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या गेल्या. अंडी दोन्ही घरांत वाटली जाऊ लागली आणि हौद घासायचं काम, कुणी न विचारताच, साहेबांच्या गळ्यात पडलं. ते आठवडाभर धुसफुसले. मग एका सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे असताना त्यांनी बायकोला हाक मारली.

"अगं, ही पांढरी आज खात का नाही? जरा येऊन बघतेस का?"