दहापैकी किती

डहाणूच्या बाजारात जमुनेकडून सुके बोंबील पहिल्या भावाला नेणारं गिऱ्हाईक सापडणं कठीण, आणि पहिला भाव खरा सांगण्याइतकी भोळी जमुनाही नव्हती. विचारणाऱ्याच्या पोटात काय आहे ते आधी ओळखायचं, मग तोंड उघडायचं, ही तिची रीत. चाळीस वर्षं तिने घर असंच चालवलं. दवाखान्यातही ती हीच रीत घेऊन आली आणि तिथेच घोळ झाला.

तिचा नवरा रामा बोंबील वाळत घालताना बांबूच्या मांडवावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. सकाळी भुलीची डॉक्टर कल्पिता कागद घेऊन खाटेपाशी आली आणि गोड बोलू लागली. गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकावर जमुनेचा कधीच विश्वास नसे.

डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. कमरेखालचं अंग बधिर करायची सुई पाठीत द्यायची, त्यासाठी रामाला उठवून बसवावं लागणार. मोडक्या खुब्याने बसताना जीव नकोसा होतो, म्हणून त्याआधी जांघेत एक सुई देऊन पाय सुन्न करायचा. ती द्यायच्या दोन पद्धती होत्या. एकीत औषध मोठ्या नसेपाशी सोडायचं, दुसरीत जरा बाहेरच्या बाजूला, स्नायूवरच्या पडद्याखाली पसरवायचं. दोन्ही चालतात, पण जास्त आराम कशाने पडतो ते त्यांना बघायचं होतं. कुणाला कोणती ते बंद पाकीट ठरवणार. रामाने फक्त दहापैकी किती दुखतं तो आकडा सांगायचा. यात यायचं नसेल तरी सुई मिळेलच, असंही ती म्हणाली.

जमुनेचे कान टवकारले. नाही म्हटलं तरी माल देणारा माणूस तिने बाजारात पाहिला नव्हता. पाकीट बंद का? आणि म्हातारा समोर कण्हतोय, तर आकडा कशाला हवा?

तिने रामाला खूण केली, पण दुखण्याने बेजार झालेल्या त्या बाबाने अंगठा उठवूनही टाकला होता. जमुनेचा असा संताप झाला की विचारू नका.

शेजारच्या खाटेवर चिकूच्या झाडावरून पडलेला तलासरीचा लाहू होता. त्याची बायको गंगी सहज बोलून गेली, की परवा एकाने नऊ सांगितलं तर त्याला पुन्हा टोचलं. झालं, जमुनेला सगळा डाव कळला. जो जास्त सांगेल त्याच्यावर जास्त प्रयोग. स्ट्रेचर यायच्या आत ती रामाच्या कानाशी वाकली.

"अवो, कितीही दुखू दे, दोनच सांगा. तिसरा आकडा तोंडातून काढू नका."

रामाने मान हलवली. भाव ठरवणं हे आयुष्यभर तिचं काम होतं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर ती दाराला कान लावून उभी राहिली. सुई देऊन बराच वेळ झाल्यावर डॉक्टरने पाय जरासा उचलून किती दुखतं ते विचारलं. रामा म्हणाला, "दोन." डॉक्टरने पुन्हा विचारलं, काका नक्की ना? रामा म्हणाला, दोनच. जमुना मनातून खूश झाली.

मग त्यांनी त्याला उठवून बसवलं.

वादळात होडी उलटली तेव्हाही रामा ओरडला नव्हता. आता तो असा ओरडला, की जमुनेने दाराला लावलेला कान काढून घेतला.

ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी डॉक्टर बाहेर आली. रामाने तिला आत सगळं सांगून टाकलं होतं. ती रागावली असती तर जमुनेला भांडता तरी आलं असतं.

"मावशी, त्यांनी सात म्हटलं असतं, तर मी त्यांना बसवलंच नसतं. आणखी दहा मिनिटं थांबले असते, औषध वाढवलं असतं. त्या परवाच्या माणसाला दुसरी सुई त्यासाठीच दिली होती."

जमुनेला वर बघवेना. आपल्याच हाताने आपण नवऱ्याला त्या यातनेत ढकललं, हे तिला कळून चुकलं होतं.

संध्याकाळी तिने रामाला चमच्याने पेज भरवली. त्याच्या कपाळावर घाम होता. तिने तो पदराने टिपला आणि हळूच विचारलं, "आता किती दुखतंय?"

रामाने आधी तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"दोन," तो म्हणाला.