अर्धी बादली

मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर आधी मला तळ्यात एक बुडी देऊन आणा. मी लाकडाची जुनी बादली आहे. कोरडी पडले की माझ्या पट्ट्या आकसतात आणि फटी पडतात. मग माझ्यात पाणी ठरत नाही आणि माझा जीवही ठरत नाही. काळजी करणं हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

मला अर्मासने घडवलं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. पाइनच्या पट्ट्या तासल्या, दोन लोखंडी कडी ठोकली, मूठ बसवली आणि बायकोच्या हातात दिलं.

"गळली तर सांग हं, लेंपी," तो म्हणाला.

"सांगेन कशाला? तुझ्याच डोक्यावर रिकामी करीन!"

तळ्याकाठी त्यांचा सौना होता, म्हणजे वाफेने न्हायची लाकडी खोली. भट्टीवर तापलेल्या दगडांसमोर पायऱ्यांसारखे तीन बाक. दर शनिवारी लेंपी मला काठोकाठ भरून चढणीवरून वर आणायची. हिवाळ्यात बर्फ फोडून भरायची. काय तिची पकड होती म्हणून सांगू! शेजारीण ओर्वोक्की म्हणायची, "हिच्या घरी घोडा कशाला पाळलाय? हीच नांगर ओढेल की!" मी अभिमानाने फुगायचे. न्हाताना लेंपी सगळ्यात वरच्या, सगळ्यात गरम बाकावर बसायची. खालचा बाक लहान मुलांचा आणि पाहुण्यांचा.

पुढे अर्मास गेला. मुलगा यार्मो शहरात राहायला लागला. लेंपी ऐंशीला टेकली. आणि एका शनिवारी माझ्या काळजात धस्स झालं. तिने मला काठोकाठ भरलंच नाही. आधी चार बोटं कमी, मग पाऊण, मग अर्धी. वाटेत मला खाली ठेवून ती दम खायची आणि कोणी पाहत नाही ना, ते बघायची. मी पाहत होते. पण बादली सांगणार कोणाला?

एकदा यार्मोने ते पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. भला मुलगा हो, त्याला बोल लावू नका. त्याने पंप बसवून नळ आणला. लाकडं फोडून रचून दिली. किराणा घरपोच केला.

"आई, जन्मभर राबलीस. आता तू फक्त बस."

ती बसली. मला भट्टीजवळच्या खिळ्याला टांगलं. आम्ही दोघी एकाच वेळी वाळत चाललो होतो आणि कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. माझी एक पट्टी खुळखुळायला लागली. तिची विजार मांड्यांवर लोंबायला लागली. "एकटीसाठी मासा कोण साफ करत बसणार?" म्हणत ती कॉफी आणि पावावर दिवस काढायची. वरच्या बाकावरून ती मधल्यावर आली. मग खालच्यावर, पाहुण्यांच्या जागी.

एका शनिवारी ती त्या खालच्या बाकावरून उठेचना. हात टेकले, जोर लावला, पुन्हा मटकन बसली. पुन्हा तेच. भट्टी धगधगत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. अगं बाई, उठ ना! मी खिळ्यावर तळमळत होते. शेवटी ती घसरत जमिनीवर आली आणि सरपटत दारापाशी गेली. तिथे ती ओर्वोक्कीला सापडली.

यार्मो धावत आला.

"आई, बर्फ पडायच्या आत तू शहरातल्या वृद्धाश्रमात यायचंस. मी खोली बघून ठेवलीय."

"आणि माझं तळं?"

"तुला बाकावरून उठता येत नाही, आई!"

मला वाटलं, झालं. हिला नेतील आणि मला भट्टीत घालतील.

मग दवाखान्यातून विल्या नावाची फिजिओ आली. "आजी, हात छातीशी घ्या आणि उठा बघू." लेंपीला जमलं नाही.

"वय झालं की स्नायू झडतात, सगळ्यांचेच," विल्या म्हणाली. "बसून राहिलं की झपाट्याने. मग पडणं, हाड मोडणं, अंथरूण धरणं. पण कामाला लावले तर या वयातही थोडे परत येतात."

"थोडे म्हणजे किती, पोरी?"

"उठता येण्याइतके, बहुतेक. हमी देत नाही. अंडी, मासे, दही खा. उठबस करा आणि रोज जरा वजन उचला, पण कोणीतरी जवळ असताना."

लेंपीने विल्याला मला खिळ्यावरून काढायला लावलं आणि स्वतः नळाखाली धरलं. सगळं पाणी फटींतून तिच्या पायांवर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "बघा, हीसुद्धा बसून बसून गळायला लागली!" तिने माझ्या पोटात दगड ठेवून मला तळ्यात बुडवून ठेवलं. हळूहळू माझ्या पट्ट्या फुगल्या आणि फटी मिटल्या.

मग रोजचा क्रम सुरू झाला. माझ्या तळाशी ओंजळभर पाणी. मागे काठी टेकत ओर्वोक्की. "पडलीस तर उचलणार नाही, माझीच कंबर गेलीय!" काही दिवस लेंपीला खुर्चीतूनही उठवेना. मी आभाळाकडे बघत बसायचे. बर्फ येईल का? आज येईल का?

यार्मो आला त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. लेंपी खालच्या बाकावर बसली. "बघ," म्हणाली. तिने हात छातीशी घेतले, अर्धी उठली आणि धपकन मागे बसली. यार्मो धावला.

"हात लावू नकोस!"

"आई, अगं..."

"तू तळ्यात पोहायला शिकलास तेव्हा मी काठावर जीव मुठीत धरून उभी होते. तुझा हात धरला नव्हता. आता तू उभा राहा."

तो उभा राहिला. ती पुन्हा वाकली. गुडघे लटलटले. आणि उठली, मित्रांनो! माझी लेंपी उठली! यार्मो भिंतीकडे तोंड करून रडला.

नंतर ती मला घेऊन तळ्यावर गेली. येताना मी अर्धी भरलेली होते. यार्मो शेजारून चालत होता, मला घ्यायला शिवशिवणारे हात खिशात कोंबून. आमच्यावर बर्फाचे पहिले कण पडत होते.

माझी काळजी संपलेली नाही. वाट निसरडी आहे. यार्मोने ती खोलीही अजून सोडलेली नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं ओझं काढून घ्यायला धावाल ना, तेव्हा क्षणभर थांबा. आधी त्यांना विचारा. मग हवं तर शेजारून चाला.

आणि मला खिळ्याला टांगू नका. उद्या शनिवार आहे.