रात्याचा मुडा

"मामी, आधी तो मुडा खाली ठेव. आणि काय झालं ते पुन्हा सांग."

बायजाबाईने डोक्यावरचा मुडा टेमघरच्या कृषी कार्यालयाच्या ओट्यावर अलगद टेकवला. पेंढ्यात गुंडाळलेलं राता जातीच्या भाताचं बियाणं, वरून पेंढ्याच्याच दोराने करकचून आवळलेलं. वळ गावाहून ती चालत आली होती आणि तिला धाप लागली होती.

"काल तू त्या परदेशी बाईला न साहेबांना घरी आनलास. बोललास, मामी, राता दे दोन शेर. मी दिला. तो उकडलेला व्हता रं."

केसरीनाथ, तिचा भाचा आणि इथला कृषी सहायक, तिच्याशेजारी ओट्यावर टेकला.

"उकडलेला का दिलास पण?"

"मंग पाहुन्याला कच्चा देतात? त्यांनी त्यांच्या मुलखात न्यायचा, कांडायचा, रांधायचा. उकडलेला असला म्हंजे पोटाला बाधत न्हाय. चांगला निवडून दिला. आज सकाली चंद्रा तलाठ्याच्या बायकोकडनं आयकून आली, ती लोकं पेराला नेतात म्हनून. उकडलेला भात कवा उगवल का?"

चंद्रा म्हणजे तिची सून. तिला जे नळावर कळलं, ते केसरीनाथने काल घरात बसून सांगायला हवं होतं. पण बावीस वर्षं कृषी सहायकाची नोकरी केलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला जे ठाऊक ते अख्ख्या गावाला ठाऊक. त्याने मामीकडे राता मागितला, मामीने दिला, परदेशी बाईंनी हात जोडले, आणि सगळे चहा पिऊन उठले.

त्या बाई व्हिएतनामच्या. परदेशातल्या एका मोठ्या भातसंस्थेच्या वतीने त्या आपल्या सरकारच्या माणसांबरोबर ठाणे जिल्ह्यात पंधरा दिवस फिरत होत्या, भाताचे जुने वाण गोळा करत. ते बियाणं थंड खोलीत जपायचं, रुजवायचं, आणि ज्या देशाला गरज पडेल त्याला त्यातून मूठभर द्यायचं. बाईंच्या स्वतःच्या मुलखात समुद्राचं पाणी शेतात घुसत होतं आणि भात जळून जात होतं. म्हणूनच त्या वळला आल्या होत्या. खाडीचं पाणी भरलं तरी उभा राहणारा राता तिथे पिकत असे. असे, म्हणजे पूर्वी. खाडीचा बांध दोन वर्षांत कुणी घातला नव्हता आणि निम्म्या खाचरांत गोदामांसाठी मुरूम पडला होता. १९८९च्या त्या फेब्रुवारीत अख्ख्या वळमध्ये राता उरला होता तो एकट्या मामीकडे. तिच्या खाचराच्याही कडेने पुतण्यांनी भरावासाठी खुंट्या ठोकल्या होत्या.

आणि साठ पुड्यांत हीच एक पुडी मेलेली.

केसरीनाथला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. प्रत्येक नमुना घेताना दाणा दाताखाली फोडून बघायचा, असा नियम होता. कच्चा दाणा आतून पांढरा, पिठूळ. उकडलेला पिवळट आणि टणक. रात्याचं टरफलच काळपट, त्यामुळे नजरेला काही कळत नाही, दातालाच कळतं. एकोणसाठ घरी त्याने दाणा फोडला होता. मामाच्या घरी मात्र भाच्याने मामीच्या हातून घेतलेलं धान्य तिच्यासमोर दाताखाली घालून पारखायचं, हे त्याच्याने झालं नाही. आणि मग यादीत "तपासले" असं लिहून त्याने खाली सही ठोकली.

"जीप कवा गेली?" मामीने विचारलं.

"नऊलाच. बारापर्यंत पडघ्याला आहेत, मग नाशिक."

"मंग चल की. मी ह्यो मुडा आनलाय कशाला?"

केसरीनाथ जागचा हलला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या मनात त्या क्षणी भलताच विचार आला. पुड्यांच्या पेट्यांना सील लागलं होतं. ती पुडी उघडायची कधी, तर सात समुद्रांपलीकडे, सहा महिन्यांनी. उगवलं नाही तर लिहितील, 'उगवले नाही.' बियाणं काय, शंभर कारणांनी उगवत नाही. केसरीनाथचं नाव त्यात येणारच नाही. उलट आता पडघ्याला गेलं तर साहेब चारचौघांत विचारतील, तपासले अशी सही कुणाची? पुढच्या महिन्यात पर्यवेक्षकाच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती. आजवर त्याला एकही मेमो मिळाला नव्हता. त्यासाठी त्याने कुठल्याच साहेबापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं.

मामी मुड्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. तिला मेमो ठाऊक नव्हता आणि मुलाखतही नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्या हातून चूक झाली आहे आणि ती अजून सुधारता येईल. केसरीनाथला स्वतःचीच लाज वाटली.

"चल," तो म्हणाला.

एसटी नुकतीच गेली होती. नाक्यावर मजीदचा टेम्पो कापडाच्या तागांनी भरून उभा होता. मजीद भिवंडीतलाच, एका लूमवाल्याचा माल नाशिककडे पोचवणारा. केसरीनाथने हात केला.

"मजीदभाई, पडघ्यापर्यंत सोड. बारापूर्वी."

"बारा?" मजीदने घड्याळ बघितलं. "अकरा वाजून गेले, साहेब. आगे कंटेनर उलटा है, तासभर लाइन लागलीय. बसा, बघू. माताजी, ते गाठोडं मागे द्या."

"मागं न्हाय," मामी म्हणाली. "मांडीवर घेते."

कंटेनर खरंच आडवा झाला होता. ट्रकांमागे ट्रक. केसरीनाथ दर मिनिटाला घड्याळ बघत होता आणि मनातल्या मनात साहेबांशी बोलत होता. आधी त्याने 'गैरसमज झाला' असं जुळवलं, मग 'गर्दीत पुडी बदलली' असं. तेवढ्यात मामी बोलली.

"तुझ्या मामानी मार्गेसरात बांधला ह्यो. पौस म्हयन्यात तो गेला. शेवटचा त्याच्या हातचा."

केसरीनाथने मान हलवली. चिंधूमामाला जाऊन दीड महिना झाला होता. मुडा बांधावा तर त्याने, असं पंचक्रोशीत म्हणत.

"पेरनीपर्यंत सोडायचा न्हाय असतो," मामी पुढे म्हणाली. "पन पेरनार कुठं? पुतने बोलतात, आवंदा मुरूम पडनार. तिकडं तरी रुजंल."

त्यानंतर केसरीनाथला काही जुळवावंसं वाटेना. मजीदने टेम्पो रस्त्याच्या कडेला मातीत उतरवला, दोन चाकं उतारावर तशीच ठेवून रांग मागे टाकली, आणि पडघ्याच्या नाक्यावर त्यांना उतरवलं तेव्हा बाराला पाच कमी होते.

जीप हॉटेलसमोर उभी होती, इंजिन चालू. साहेब पुढच्या सीटवर, बाई मागे पेट्यांजवळ. केसरीनाथ धावत जाऊन बॉनेटसमोरच उभा राहिला.

"साहेब, वळची पुडी चुकली आहे. भात उकडलेलं आहे. उगवणार नाही."

साहेबांनी खाली उतरून यादी उघडली. "तपासले. ही सही कुणाची?"

"माझी."

"तपासलं होतं का?"

टेम्पोत जुळवलेली दोन्ही वाक्यं त्याच्या जिभेवर आली होती.

"नाही," तो म्हणाला. "नातं मध्ये आलं. मी दाणा फोडला नाही."

साहेबांचा आवाज चढला. सील तोडायचं म्हणजे पंचनामा, नवी यादी, परदेशी पाहुण्यांसमोर खात्याची अब्रू. हॉटेलातली माणसं चहा सोडून बघू लागली. बाईंना मराठी कळत नव्हतं, पण मुडा कळला. त्या उतरल्या, मागून आलेल्या मामीने खाली ठेवलेल्या मुड्यासमोर उकिडव्या बसल्या आणि पेंढ्यावरून बोट फिरवलं. मग साहेबांशी इंग्रजीत थोडंसंच बोलल्या. साहेबांनी यादी मिटली आणि एक कोरा कागद काढला.

"लेखी द्या," ते केसरीनाथला म्हणाले. "चूक माझी आहे, असं. मेमो निघेल, हे समजून द्या."

केसरीनाथने बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. तोवर साहेबांनी जीपमधून परखी काढली. पोत्यात खुपसून धान्य काढायची ती लोखंडी पोकळ सळई.

"एक टोचा पुरे आहे. काढा दोन शेर."

सळई पेंढ्याला लागायच्या आत मामीने मुडा पदराखाली घेतला.

"भोसकायचं न्हाय," ती म्हणाली. "मी सोडते."

"आजी, वेळ नाही."

"ज्यानं बांधला त्यानं अख्खा दीस घातला. तुमी घटकाभर थांबा."

बाईंनी हाताने साहेबांना थांबवलं. मामी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली आणि दोराचं टोक शोधू लागली. ते सापडेना. चिंधूमामाने ते कुठे आत दडवलं होतं कोण जाणे. तिची बोटं पेंढ्यावरून फिरत राहिली, एकदा, दोनदा, आणि मग एका जागी थांबली. तिने नखाने टोक वर काढलं आणि एकेक वेढा उलगडत गेली. कुठेही ओढलं नाही, कुठेही तोडलं नाही. शेवटचा वेढा सुटला तसा पेंढा फाकला आणि आतून काळपट दाणे दिसले.

केसरीनाथ वाकला, एक दाणा उचलला आणि मामीच्या डोळ्यांदेखत दाताखाली फोडला. आत पांढरं पीठ होतं. त्याने अर्धा दाणा बाईंच्या तळहातावर ठेवला.

बाईंनी दोन शेर मोजून घेतले, जुनी पुडी काढून नवी पेटीत ठेवली. जाताना त्यांनी साहेबांकरवी विचारलं की आजीला काही विचारायचं आहे का.

"तिथं खारं पानी हाय का?" मामी म्हणाली. "गोड्या पान्यात ह्यो माजतो न आडवा पडतो."

साहेबांनी सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावून कितीतरी वेळ काहीतरी सांगितलं, आणि साहेबांनी त्याचं मराठी एवढंच केलं, "आहे म्हणतात. भरपूर आहे."

जीप नाशिककडे वळून दिसेनाशी झाली. उरलेलं भात पेंढ्यात मधोमध खळगा करून पडलं होतं. मामीने दोन्ही बाजूंनी पेंढा वर घेतला, दाबला, दोराचा एक वेढा दिला. हात काढताच तो सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला.

"दे, मी बांधतो," केसरीनाथ म्हणाला.

"तुला येतं?"

"नाही."

"मनापन न्हाय. मी नुसती जवळ बसायची, पेंढा पुढं करायची. चालीस वरसं पुढं क्येला, पन बघितलं न्हाय कदी."

तिने भात पदरात घेऊन गाठ मारली. पेंढा वाऱ्यावर जाऊ दिला. दोर मात्र तिने गोळा केला. जिथे जिथे मामाने तो दाबला होता, तिथे तिथे त्याला अजून बाक होता.

भिवंडीची एसटी आली. मामी पदर सावरत चढली, तिच्यामागून केसरीनाथ तो दोर दोन्ही हातांवर घेऊन.

"ओ, तो कचरा खाली टाका," कंडक्टर म्हणाला.

"कचरा नाही तो," केसरीनाथ म्हणाला, आणि आवाज आपलाच का, असं त्याला वाटलं.

कंडक्टर पुढे गेला. केसरीनाथने दोर मांडीवर आडवा ठेवला. गाडीच्या हादऱ्यांनी त्याचा पीळ हळूहळू सैल होऊ लागला. मामीने एक टोक चिमटीत धरलं, दुसरं त्याच्या हातात दिलं, आणि भिवंडी येईपर्यंत दोघं तसेच धरून बसले.