भूमीआजोबांचा खड्डा

आ-स्वातच्या गाडीच्या मागच्या दारावर पांढऱ्या रंगात एकच ओळ लिहिलेली होती: ‘रेघ दिसली तर दाखवा.’ एकोणीस वर्षांत कुणी दाखवली नव्हती. कोळंबी सोलायचे कारखाने, बसचा डेपो, इस्पितळाचं तळघर, कुठे कुठे तिने छर्रे मारून कोबे खरवडले होते, पण तिचं मशीन कुठून कसं फिरलं हे नंतर कुणाला सांगता आलं नसतं. ज्या कोब्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तो चांगला कोबा, असं तिचं मत होतं. नवऱ्याबद्दलही तिचं साधारण असंच मत होतं.

मशीन म्हणजे चाकांवरची लोखंडी पेटी. आत एक पात्यांचं चाक गरगर फिरतं आणि बाजरीएवढे पोलादी छर्रे खालच्या कोब्यावर हाणतं. जुना रंग, मेलेलं सिमेंट, सांडलेलं तेल, सगळं उडतं. धूळ जाड नळीतून मागच्या डब्यात जाते, छर्रे उसळून परत वर येतात आणि पुन्हा कामाला लागतात. मागे उरतो खरबरीत कोबा, नवा रंग घट्ट धरून ठेवणारा. काम सोपं आहे, फक्त एक नियम पाळायचा. थांबायचं असेल तर आधी छर्ऱ्यांचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग मशीन ढकलणं थांबवायचं. उलटं केलंत तर ते उभ्या जागी खड्डा खणतं, आणि त्यासाठी तुमच्या परवानगीची वाट बघत नाही.

आ-लिओंग, म्हणजे तिचा नवरा, पहिल्याच वर्षी हा नियम विसरला होता. सोया सॉसच्या गोदामात त्याने ताटाएवढा खड्डा पाडला. मालक यायच्या आत आ-स्वातने तो बेमालूम बुजवला, पण त्या दिवसापासून मशीनचा दांडा आ-लिओंगच्या हातून गेला तो गेलाच. त्याच्या वाट्याला धुळीची नळी आणि सांडलेले छर्रे गोळा करायचा चुंबकाचा झाडू आला. शिवाय दर नववर्षाच्या जेवणाला, सगळे पाहुणे जमले की, सोया सॉसच्या गोदामाची गोष्ट त्याला मान खाली घालून ऐकावी लागे.

या वेळचं काम भूमीआजोबांच्या, म्हणजे गावची जमीन राखणाऱ्या देवाच्या, देवळाचं होतं. समुद्राकाठचं, शिंपल्यातल्या कालवांवर जगणारं गाव. देऊळ छोटं, पटांगण भलंमोठं. पटांगणावरचा रंग उडून गुळगुळीत झाला होता आणि देवाच्या गेल्या वाढदिवसाला पावसात पालखीचे भोई घसरून भूमीआजोबा थेट कालवंवाल्या म्हातारीच्या टोपलीत जाऊन बसले होते. आजोबांनी राग धरला नाही, म्हातारीने मात्र टोपलीची भरपाई मागितली. म्हणून समितीने ठरवलं की जुना रंग खरवडायचा आणि न घसरणारा नवा लावायचा. वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. रंग कुठला, यावर समिती दोन महिने भांडत होती. म्हाताऱ्यांना लाल हवा होता. अध्यक्ष सिआव यांना हिरवा हवा होता, कारण त्यांच्या मेव्हण्याच्या गोदामात हिरव्याचे चाळीस डबे पडून होते.

सकाळीच आ-स्वातच्या लक्षात आलं होतं की मशीनच्या बुडाशी छर्रे अडवणारा ब्रश झिजलाय. दुपारी बदलू, असं तिने ठरवलं. ही तिची पहिली चूक. अकराच्या सुमाराला ब्रशाच्या फटीतून छर्रे सुटले आणि आ-लिओंगच्या नडगीवर बसले.

“अगं, मला खरवडतेस का?” तो ओरडला.

“मग मागे उभा राहा. मागे उभं राहायला अक्कल लागते का?”

“मागेच आहे. तुझं मशीन गळतंय.”

हे तिला लागलं. तिने चालतं मशीन जागेवर उभं केलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि त्याला सुनावायला सुरुवात केली. विषय होता हलगर्जीपणा. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचं चित्त कसं ठिकाणावर हवं, एका क्षणाच्या गाफीलपणाने नाव कसं धुळीला मिळतं, हे ती चांगलं मिनिटभर सांगत होती. आ-लिओंग तिच्याकडे बघत नव्हता. तो मशीनच्या बुडाकडे बघत होता.

व्हॉल्व्ह उघडाच होता.

तिने झडप घालून तो बंद केला आणि मशीन मागे ओढलं. कढईच्या झाकणाएवढा, बोटभर खोल खड्डा. मधलं सिमेंट साफ गेलं होतं आणि चिक्कीत शेंगदाणे दिसावेत तशी खडी वर आली होती. तोही नेमका धूपदानासमोर, पटांगणाच्या मधोमध.

आ-लिओंगने सुपारी तोंडात टाकली आणि शांतपणे चघळली.

“एक शब्द बोलू नकोस,” आ-स्वात म्हणाली.

“मी कुठे बोलतोय? मला आपलं उगाच ते सोया सॉसचं गोदाम आठवलं.”

तिला रडू यायला लागलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. एकोणीस वर्षं. गाडीत खड्डे बुजवायचा मसाला होता. गाव जेवायला गेलं की अर्ध्या तासात तो भरून टाकायचा, वरून घासायचा, संपलं. तोवर तिने मशीनच खड्ड्यावर नेऊन उभं केलं आणि ब्रश बदलायचं सोंग आणलं.

गाव जेवायला गेलं नाही. गाव देवळात आलं. पुढे अध्यक्ष सिआव, मागे समिती, तिच्यामागे कालवंवाली म्हातारी आणि ज्यांना काही काम नव्हतं असे सगळे. रंगाचा निकाल आता कौल लावूनच घ्यायचा, असं ठरलं होतं.

“मालकीणबाई, मशीन जरा बाजूला घ्या,” अध्यक्ष म्हणाले. “कौल इथेच टाकायचाय.”

“बेअरिंग तापलंय, अध्यक्ष. आत्ता हलवलं तर जाईल.”

“त्याचं बूड भूमीआजोबांच्या तोंडासमोर आलंय. देवाने काय बघत बसायचं?”

तिने मशीन बाजूला घेतलं आणि स्वतः खड्ड्यावर पाय रोवून उभी राहिली. धुळीने ती नखशिखांत पांढरी झाली होती, त्यामुळे ती आणखी पांढरी पडली हे कुणाला कळलं नाही.

अध्यक्षांनी लाल लाकडाच्या दोन फाका ओंजळीत धरल्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणी, एक पालथी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसतोय.

“भूमीआजोबा, पटांगण हिरवं केलं तर चालेल ना?”

दोन्ही पालथ्या पडल्या.

“सकाळपासून मशीनचा गोंगाट चाललाय,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांना नीट ऐकू आलं नसेल.” त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. भूमीआजोबा हसले. समितीतले म्हातारेही हसले. अध्यक्षांचे कान लाल झाले आणि तिसऱ्यांदा त्यांनी फाका वैतागून टाकल्या. एक टुणकन उडून थेट आ-स्वातच्या बुटावर आली. अंगावर उंदीर पडावा तशी ती बाजूला झाली. फाक बुटावरून घरंगळली, खड्ड्यात पडली, खडीच्या दोन दगडांच्या मध्ये तिचं टोक अडकलं, आणि ती उभी राहिली.

सरळ उभी. टोकावर.

लाखात एकदा होणारी ही गोष्ट. उभा कौल म्हणजे देवाला हो-नाहीच्या पलीकडचं काहीतरी सांगायचंय. कालवंवाली म्हातारी आधी गुडघ्यांवर बसली. मग अध्यक्ष, मग सगळे. उभी होती फक्त फाक आणि आ-स्वात. आ-लिओंगसुद्धा बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते.

“अध्यक्ष,” आ-स्वात म्हणाली, “उठा. तो खड्डा आहे. माझ्या हातून पडलाय. मी व्हॉल्व्ह बंद करायला विसरले.”

अध्यक्षांनी तिच्याकडे वर पाहिलं. “किती वर्षं करताय हे काम?”

“एकोणीस.”

“एकोणीस वर्षांत कितीदा विसरलात?”

तिचा अभिमान तिच्याआधी बोलून गेला. “एकदाही नाही.”

अध्यक्ष गावाकडे वळले. “ऐकलंत?”

झालं. त्यापुढे तिने सिमेंट कसं उडतं, खडी कशी वर येते, फाक कशी अडकते, सगळं समजावून सांगितलं. ती जितकं समजावत गेली तितके लोक माना डोलावत गेले. देव विसरायला लावतो तो असाच, ते म्हणाले. निदान बुजवू तरी द्या, असं तिने विनवलं. त्यावरही कौल लावला. तीनदा नकार आला. हिरव्याबद्दल मात्र उभ्या कौलानंतर देव काही बोलले नव्हते, तेव्हा त्यांची हरकत नसणार, असं अध्यक्षांनी ठरवलं.

आठ दिवसांनी वाढदिवसाच्या पंगतीला आ-स्वातला पहिल्या टेबलाचं आमंत्रण होतं. पटांगण हिरवंगार झालं होतं आणि त्यावर एक रेघ नव्हती. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळे खड्ड्याभोवती दाटले होते. त्याला चकचकीत कठडा लावला होता, उदबत्त्या जळत होत्या. शिवाय खाऱ्या हवेने खड्ड्यात तांबूस डाग उमटले होते आणि बाया त्यावर बोट घासून नातवंडांच्या कपाळाला लावत होत्या.

“तो गंज आहे,” आ-स्वात नवऱ्याच्या कानात फुसफुसली. “तू झाडू नीट फिरवला नाहीस. छर्रे राहिलेत आत.”

“देवाने राहू दिले,” आ-लिओंग म्हणाला.

शेजारच्या गावाच्या देवळाचे दोन पंच अदबीने येऊन उभे राहिले. आमच्याकडेही असाच एक, लहानसा का होईना, पाडून द्याल का? मी खड्डे पाडत नाही, ती म्हणाली. मग हा कुणी पाडला, त्यांनी विचारलं. आ-लिओंगने त्यांना फोन नंबर लिहून दिला.

सूप आलं तेव्हा ती उठली, कठड्याशी गेली आणि फाका हातात घेतल्या.

“आजोबा, हा माझ्या हलगर्जीपणाचा खड्डा आहे. बरोबर ना?”

एक उताणी, एक पालथी. होकार. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं ऐकलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

“मग या लोकांना सांगा की.”

दोन्ही सपाट बाजू वर. आजोबा हसत होते.

ती टेबलाशी परत आली. आ-लिओंगने माशाच्या गालाचा मऊ तुकडा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

“काय म्हणाले?”

“चूक माझीच, म्हणाले. मग हसले.”

“देवाजवळ कबूल केलंस. अध्यक्षांजवळ केलंस. अख्ख्या गावाजवळ केलंस.” तो वाडग्यात बघत म्हणाला. “सोया सॉसचं गोदाम मी एकोणीस वर्षं ऐकतोय.”

तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, “चुकले मी. तुझ्यासारखीच चुकले. ती गोष्ट आता पुन्हा काढणार नाही.”

“काय म्हणालीस? या बँडच्या आवाजात काही ऐकू येत नाहीये.”

मशीनच्या आवाजावर ओरडायची तिला सवय होती. तिने ते सगळं पुन्हा म्हटलं, आणि चार टेबलांना ऐकू गेलं. अध्यक्ष सिआव डोळे पुसत पेला घेऊन उठले. एवढा साक्षात्कार होऊनही बाई किती नम्र, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना उभं केलं, आणि पटांगणभर लोक तिच्या नावाने पेले उंचावून प्यायले.

आ-लिओंग तेवढा बसून राहिला. माशाचा तुकडा त्याने तिच्या वाडग्यात ठेवला. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच त्याला नीट ऐकू आलं होतं.