मोबाईलमधलं घोरणं

नवऱ्याच्या घोरण्याने शेजारचे भिंत ठोकायचे, पण चिंगीची अंगाई तीच. जन्मल्यापासून बापाच्या घोरण्यावर झोपलेली पोर ती. मधेच घोरणं तुटायचं, खोली चिडीचूप व्हायची. मग चिंगीची आई त्याला कोपराने ढोसायची. मोठा आचका देऊन तो पुन्हा सुरू व्हायचा.

डॉक्टर म्हणाले, झोपेत जीभ मागे पडते आणि घशाला बूच बसतं. असं चालू राहिलं तर एखाद्या दिवशी जिवावर बेतेल. श्वासाचं मशीन त्याने तोंडावर टिकूच दिलं नाही. शेवटी जिभेचा मुळाकडचा भाग कमी करायचं ठरलं. सासूबाईंनी टोमणा मारलाच, "आधीच तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या, आता जीभही कापा."

ऑपरेशन नीट पार पडलं. तो घरी आला, चमच्याने थंड दूध घेऊ लागला आणि आवाज न करता झोपू लागला. इतका बिनआवाजी, की ती सारखी त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची. डॉक्टर फोनवर हसले. श्वास उत्तम आहे, म्हणाले, आता तुम्ही झोपा.

चिंगी मात्र झोपेना. रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा आईला आठवलं, डॉक्टरांना ऐकवायला म्हणून आपण त्याचं घोरणं मोबाईलवर घेतलं होतं. ते लावलं मात्र, पोर गप्प. मग रोज दुपारी तेच. पाळण्यात मोबाईल, पलंगावर तो, मधे खुर्चीत ती. रेकॉर्डिंग संपलं की आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचं.

एका दुपारी तिचं लक्ष गेलं. मोबाईलमधलं घोरणं तुटलं, तशी त्याची छाती थांबली. मोबाईलमध्ये आचका आला, छाती पुन्हा हलली. भास असेल, असं म्हणत तिने पाळण्यात डोकावलं. चिंगीची इवलीशी छातीही त्याच तालावर होती.

बंद करायला म्हणून तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बंद करायचं ते कुठल्या श्वासावर?

एवढ्यात रेकॉर्डिंग शेवटाला आलं. शेवटी घोरणं तुटतं, मग नुसती शांतता, कारण तेव्हा रेकॉर्डिंग थांबवून ती त्याला ढोसायला धावली होती. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची वाट बघत राहिली. पडदा काळा झाला. चार्जिंग संपलं होतं.

तिने त्याला कोपराने ढोसलं. पुन्हा ढोसलं. तो ओंडक्यासारखा पडून. तिने पाळणा गदागदा हलवला. चिंगीचे ओठ निळसर दिसू लागले.

तिला दुसरं काही सुचलं नाही. तिने मान मागे टाकली, जीभ घशाकडे ओढली आणि घोरली. खरखरीत, लांब, हुबेहूब त्याच्यासारखी.

दोन्ही छात्या हलल्या.

ती घोरत राहिली. घसा सोलवटला, डोळ्यांत पाणी आलं, पण मधे खंड म्हणून पडू दिला नाही. दारात सासूबाई आल्या. तिने घोरता घोरताच मोबाईलकडे, मग चार्जरकडे बोट केलं. बोलायचं तर थांबावं लागणार होतं.

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "बाई बाई, आता हिची जीभ कापा. झोपेत हातवारेसुद्धा करते."

आणि कुणाची झोपमोड नको म्हणून त्यांनी हळूच दार ओढून घेतलं.