खवून की किसून

मित्रांनो, मी एक जुनी खवणी आहे. किसणी नव्हे. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण तो न कळल्यामुळे एक घर फुटले, आणि कळूनही कोणी तो बोलून दाखवला नाही. मी ओला नारळ खवते. नारळाची वाटी माझ्या डोक्यावर दाबून धरायची आणि मूठ फिरवायची. खाली पांढरेशुभ्र, ओलसर खोबरे पडते. सुके खोबरे माझ्यावर टिकत नाही. ते घसरते आणि माझे दात मात्र बोथट होतात. सुके खोबरे किसणीवर किसतात. एवढे लक्षात राहिले तर माझी गोष्ट तुम्हाला समजेल.

माझा जन्म एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या घरघरत्या यंत्रावर झाला. ज्याने मला घडवले त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याच्या बायकोचे मनगट दुखायचे. तिला जुन्या पात्यावर नारळ खवताना पाहून हा एक दिवस म्हणाला, "थांब, तुझ्यासाठी यंत्रच करून आणतो." ती म्हणाली, "आधी नळाची गळती थांबवा, मग यंत्रं करा." नळ गळतच राहिला, पण मी तयार झाले. भंगारातल्या पोलादाच्या तुकड्यातून त्याने माझे डोके कातले. माझे दात एकेक करून कानशीने घासले. मुठीसाठी जुन्या हातोडीचा दांडा कापला. ओट्याच्या कडेला घट्ट बसावी म्हणून खाली स्क्रू लावला. कारखान्यातले लोक हसले. "मिस्त्री, बायकोसाठी ताजमहाल बांधताय का?" मिस्त्री म्हणाला, "ताजमहालावर नारळ खवता येत नाही."

ती बाई जिवंत होती तोवर मला सुख होते. काम झाले की ती मला कोमट पाण्याने धुवायची, दातांत अडकलेला कण काडीने काढायची आणि फडक्याने कोरडी करायची. ती गेली आणि मला एका खोक्यात टाकले. आत जुन्या किल्ल्या, उडालेले फ्यूज आणि एका पायाची चप्पल होती. तिथे मी किती वर्षे पडून होते, मला ठाऊक नाही. खोक्यात ऊन येत नाही.

मला बाहेर काढले मिस्त्रीच्या धाकट्या सुनेने.

घरात तेव्हा दोन सुना होत्या आणि स्वयंपाक एकच होता. थोरली शिवणकामाच्या कारखान्यात मुकादम होती. हाताखाली पुष्कळ बाया, त्यामुळे हुकूम सोडायची सवय अंगी मुरलेली. वाईट नव्हती. मिस्त्रीला साखरेचा आजार होता, आणि रोज सकाळी त्याच्या दंडात सुई टोचायचे काम तीच करायची. धाकटी घरी असायची. थोरलीची मुलगी भिंगरी हिच्याच हाताखाली वाढली. भिंगरीच्या वेण्या, डबा, ताप, पाढे, सगळे धाकटीकडे. आईला ती आई म्हणायची, पण पडली की ओरडायची "काकू!"

मिस्त्रीला गोड खाण्याचे भारी वेड. डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर तो डब्यातून चोरून खाऊ लागला. धाकटीने त्याला एकदा मूठभर साखरेसकट पकडले. "मामंजी, हे काय?" तो म्हणाला, "मुंग्या मोजत होतो."

तेव्हा तिने डोके चालवले. फोनवर कुठेतरी पाहून तिने एक खाऊ शिकून घेतला. त्याला भट्टी लागत नाही, गॅस लागत नाही आणि साखरही लागत नाही. खजुराच्या बिया काढायच्या, खजूर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून, निथळून बारीक वाटायचा. त्यात कोको पावडर, भाजलेल्या बदामांचा भरडा, चिमूटभर मीठ आणि खोबरे घालून मळायचे. हाताला खोबरेल लावून लहान गोळे वळायचे, खोबऱ्यात घोळवायचे आणि फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचे. त्या खोबऱ्यासाठी तिने मला शोधले, घासले, गंज काढला आणि ओट्याला बसवले.

पहिला गोळा मिस्त्रीच्या हातात ठेवला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "हे काय, बूटपॉलिश वळलंयस का?"

"खाऊन तर बघा."

त्याने खाल्ला. मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला. धाकटीने डबा पाठीमागे लपवला. "रोज एकच. खजूरही गोडच असतो, मामंजी. डॉक्टरांना विचारून आलेय मी."

थोरलीलाही ते आवडले. सुट्टीच्या दिवशी दोघी जावा ओट्याशी उभ्या राहायच्या. थोरली बिया काढायची, धाकटी माझी मूठ फिरवायची, भिंगरी गोळे वळायची आणि निम्मे स्वतःच्या गालाला फासायची. मिस्त्री खुर्चीवर बसून सगळ्यांना सांगायचा, "खवणी कोणी केली? मी!" मित्रांनो, कौतुक फार वाईट. त्याची सवय लागते. मला वाटू लागले की हे घर माझ्या एका स्क्रूवर उभे आहे.

मग भिंगरीच्या शाळेत पालकांचा खाऊमेळा ठरला. आगीशिवाय केलेला, बिनसाखरेचा खाऊ आणायचा होता. थोरलीने पुढे होऊन टेबल मागून घेतले. तिला तिथे नाव कमवायचे होते, आणि त्यात काही गैर नाही.

आदल्या सकाळी ती कारखान्यात निघाली होती. खांद्याला पिशवी, एक पाय चपलेत. दारातूनच म्हणाली, "अगं, उद्यासाठी खोबरं खवून ठेव हं. भरपूर लागेल."

धाकटी पीठ मळत होती. तिने मान वर केली. "खवून? ताई, दिवसभर बाहेर राहणार ना ते?"

"हो गं बाई, खवूनच ठेव! किती प्रश्न विचारशील? माझी बस जाईल." आणि ती गेली.

तिच्या मनात किसून होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तिने आधीच आणून फळीवर ठेवल्या होत्या, पण ते ती सांगायला विसरली. मनात एक होते आणि तोंडातून दुसरे निघाले. असे कोणाचेही होते. हे मी ओट्यावरून ऐकले. मिस्त्री माझ्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून पायाला तेल चोळत होता. त्यानेही ऐकले.

धाकटीने नारळ फोडले. मी त्या दिवशी जितके काम केले तितके जन्मात केले नव्हते. संध्याकाळी थोरलीला कारखान्यात थांबावे लागले. ती येईपर्यंत धाकटीने सगळे गोळे वळून, ओल्या खोबऱ्यात घोळवून, डबे भरून फ्रिजमध्ये ठेवले होते. थोरलीने झाकण उघडूनही पाहिले नाही. फक्त म्हणाली, "बरं केलंस. मेले गं पाय."

दुसऱ्या दिवशी कडक ऊन होते. डबे सकाळपासून पत्र्याच्या मांडवाखाली बंद. भाषणे लांबली. मुलांच्या हातात खाऊ पडेपर्यंत दुपार टळून गेली. ओले खोबरे अशा उकाड्यात आंबते, त्याला तार सुटते. कोकोच्या वासात कोणाला कळले नाही. संध्याकाळी मुलांना उलट्या सुरू झाल्या. भिंगरीलाही झाल्या. तिच्या वर्गातल्या एका लहानखुऱ्या मुलीला दवाखान्यात ठेवून सलाईन लावावे लागले. ती बरी झाली, मुले सगळीच बरी झाली. पण मुख्याध्यापकबाईंनी थोरलीला सगळ्या पालकांसमोर विचारले, "हे कोणी केलं होतं?"

थोरली म्हणाली, "माझ्या जावेनं."

खोटे नव्हते ते. फक्त अर्धे होते.

घरी आल्यावर ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. "ओलं खोबरं घातलंस? उन्हात ठेवायच्या खाऊत? अक्कल कुठे गेली होती तुझी?"

धाकटीचे डोळे रडून आधीच सुजले होते. तिच्या मांडीवर भिंगरीचे डोके होते. "ताई, तुम्हीच खवून ठेव म्हणालात. मी विचारलं पण होतं तुम्हाला."

"मी किसून म्हणाले! सुक्या वाट्या काय शोभेला आणून ठेवल्या होत्या?"

"नाही हो. खवून म्हणालात. दोनदा म्हणालात."

"म्हणजे मी खोटी?"

"मी तसं म्हणाले का?" धाकटी मिस्त्रीकडे वळली. "मामंजी, तुम्ही इथंच होता. तुम्हीच सांगा ना. ताई काय म्हणाल्या?"

मिस्त्रीने एकदा थोरलीकडे पाहिले. सकाळची सुई तिच्या हातात, औषधे तिच्या पिशवीत, आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आपल्या थोरल्या मुलाचा राग त्याला ठाऊक होता. मग तो आपली नखे पाहत म्हणाला, "लेथनं कान खाल्लेत माझे. मला काही नीट ऐकू आलं नाही."

मित्रांनो, हे कान असे होते की पलीकडच्या खोलीत भिंगरीने गोळीचा कागद उलगडला तरी हा विचारायचा, "काय खातेस गं?"

धाकटीने भिंगरीचे डोके मांडीवर नीट घेतले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोरही नव्हता. एक साधी चूक होती. "चुकून बोलले गं" एवढ्याने ती मिटली असती. ते थोरली म्हणाली नाही, आणि ज्याने ऐकले होते त्याने कान झाकून घेतले.

"उद्यापासून भिंगरीचा डबा मी करीन," थोरली म्हणाली. "आणि तू काकूच्या हातचं काही खायचं नाहीस. ऐकलंस का?"

भिंगरी रडली, मग तिला सवय झाली. मुलांना कशाचीही सवय होते, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. धाकटीने काही रांधले तरी थोरलीच्या ताटात ते तसेच राहू लागले. शेजारीपाजारी विचारू लागले, "जिच्या खाऊनं पोरांना बाधा झाली ती हीच का?" दोघींचे नवरे, मिस्त्रीची ती दोन मुले, आधी कुजबुजले, मग एकमेकांवर ओरडले. शेवटी धाकट्याने एका धोबीखान्याच्या वर दोन खोल्या पाहिल्या.

निघायच्या दिवशी खाली सामानाची गाडी उभी होती. धाकटी शेवटची पिशवी घ्यायला आत आली. मिस्त्रीने माझा स्क्रू सैल केला, मला फडक्यात गुंडाळले आणि तिच्यापुढे धरले.

"ही घेऊन जा. माझ्या हातची आहे."

"नको, मामंजी."

"रागावलीस?"

"खवणी बाजारात मिळते. मला त्या दिवशी तुमचा एक शब्द हवा होता."

म्हाताऱ्याने मला छातीशी धरले. "घर मोडू नये म्हणून गप्प बसलो गं, पोरी."

तिने पिशवी उचलली. "मोडलं ना?" म्हणाली, आणि जिना उतरून गेली. दारामागे भिंगरी उभी होती. तिला हाक मारायला धाकटीने तोंड उघडले, आणि मग काय वाटले कोण जाणे, मिटले.

त्यानंतर मला कोणी ओट्याला बसवले नाही. मी फळीच्या कोपऱ्यात फडक्यासकट पडले. फडके ओलसर होते. माझ्या दातांवर पुन्हा गंज चढला. त्या खाऊचे नाव कोणी काढत नव्हते. पण मिस्त्रीची साखरचोरी परत सुरू झाली, पायाची जखम भरेना, आणि डॉक्टर रागावले. तेव्हा एका सुट्टीला थोरलीच म्हणाली, "ते बिनसाखरेचे गोळे करू या. मला येतात."

तिने खजूर भिजवला, कोको काढला. मग सुक्या खोबऱ्याची वाटी आणि किसणी भिंगरीपुढे सरकवून म्हणाली, "घे, एवढं खोबरं खवून दे."

भिंगरी आता मोठी झाली होती. तिने वाटी हातात घेतली, किसणीकडे पाहिले. "आई, सुकं किसतात. खवतात ते ओलं."

थोरलीचा हात थांबला. खजुराची बी तिच्या बोटांत तशीच राहिली. त्या क्षणी तिला सगळे कळले, हे मी फळीवरून पाहिले. खुर्चीतल्या मिस्त्रीनेही पाहिले. आता तरी कोणी बोलेल, असे मला वाटले. धोबीखाना काही समुद्रापलीकडे नव्हता.

थोरलीने बी बशीत टाकली. "तेच ते," ती म्हणाली. "कर लवकर."

"तेच ते नव्हे," मिस्त्री पुटपुटला.

"काय म्हणालात, मामंजी?"

"काही नाही."

गोळे झाले. त्याला एक दिला. त्याने तो बशीत ठेवला आणि खाल्ला नाही. थोरलीने कारण विचारले नाही. आता मला भंगारवाल्याला द्यायचे ठरले आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू काम झाल्यावर धुवा, कोरड्या करा, गंजू देऊ नका, असे सांगून मी माझी गोष्ट संपवणार होते. ते सांगतेच, पण ती लहान गोष्ट आहे. गंज दगडाने घासला की निघतो. तुमच्यासमोर एखाद्यावर खोटा आळ आला आणि खरे काय ते तुम्ही ऐकले असेल, तर तेव्हाच बोला. भांडण वाढेल, कोणी रुसेल, सकाळची सुई जरा जोरात टोचली जाईल. तरीही बोला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे ऐकले, पण मी काय करणार? मला नुसते दात आहेत. तोंड तुम्हाला आहे.