तिसऱ्या टेबलाचा आकडा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी काच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, वर्षातल्या सर्वोत्तम कर्मचाऱ्याचा सत्कार चालू असताना, कटिंग विभागाचा मुकादम काचांच्या लोखंडी चौकटीखाली सापडला. चौकटीत प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या जाड काचा उभ्या होत्या. त्यातल्या बहुतेक त्याच्या अंगावर फुटल्या. एका तुकड्याने त्याची मांडी हाडापर्यंत उघडली. जिचा सत्कार होता तिच्या कपाळापासून कानापर्यंत काचेच्या पट्टीने कापलं गेलं होतं. तिच्या भावाला जागेवरच धरलं गेलं, आधी कामगारांनी आणि मग पोलिसांनी. कामगारांच्या हाती तो पाचेक मिनिटं होता. तेवढ्यात त्याचे पुढचे दात गेले आणि एक बरगडी मोडली.

कॅन्टीनमध्ये दोनशेच्या वर माणसं होती. मुकादमाच्या हातातली काचेची पट्टी आधी फिरली की भावाचा धक्का आधी बसला, हे त्यातल्या एकानेही पाहिलेलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते.

सत्कार जिचा होता ती बारा वर्षं पॅकिंगमध्ये होती. मुकादम तिचा थोरला दीर. त्यानेच तिला कारखान्यात चिकटवलं, तिच्या भावालाही त्यानेच आणलं आणि स्वतःच्या टेबलाशेजारी उभं करून काच कापायला शिकवलं. चाकीने रेघ कशी मारायची, आवाज कोरडा आला तर थांबायचं, मोडताना श्वास धरायचा नाही. भाऊ त्याला उस्ताद म्हणतो. घरी सगळे एकाच दोन मजली घरात, वर मुकादम आणि त्याची बायको, खाली ती आणि तिचा नवरा. नवरा कारखान्यातच माल चढवतो.

पॅकिंगमधल्या बायकांचे हात नेहमी कापलेले असतात. कटिंगमध्ये काचेला केसाएवढा तडा गेला तर तो तिथे दिसत नाही. काच रुळांवरून पुढे येते आणि पॅकिंगवालीच्या हातात फुटते. तिच्या स्वतःच्या उजव्या तळव्यातून एक जुना व्रण मनगटापर्यंत गेला आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने जाहीर केलं की कोणत्याही विभागातल्या कोणीही ऑटोमेशन शिकावं, शिकवणी कंपनीची, वेळ कंपनीचा, आणि शिकून जो उपयोगाचं काही करून दाखवेल त्याची दखल घेतली जाईल. कटिंगमधून कोणी नाव दिलं नाही. पॅकिंगमधून तिने एकटीने दिलं.

"पेट्या बांधायच्या सोडून कॉम्प्युटर?" मुकादम तेव्हा जेवताना म्हणाला होता. "उद्या माझ्या खुर्चीत बसशील."

"तुमची खुर्ची मोडकी आहे, भाऊजी. मला नवी लागेल."

तो हसला होता. वाढता वाढता थोरली जाऊही हसली होती.

तिने केलेलं यंत्र दिसायला साधं आहे. प्रत्येक कटिंग टेबलावर एक कॅमेरा, शेजारी दिवा. काच फुटली किंवा तडा गेला की दिवा लाल होतो आणि रूळ थांबतात. यंत्र आठवड्याभरातच भरून बंद पडायचं म्हणून तिने त्यात एक सुधारणा केली. कॉम्प्युटरमध्ये सगळं चित्र साठवायचं नाही, काच फुटल्या क्षणापासूनचं मिनिटभराचं तेवढं ठेवायचं. आधीचं टाकून द्यायचं. या सुधारणेचं कंपनीच्या परीक्षकांनी खास कौतुक केलं. यंत्र बसल्यापासून पॅकिंगमध्ये एकीच्याही हाताला टाका पडलेला नाही.

यंत्र आणखी एक गोष्ट करत होतं. कोणत्या टेबलावर किती काच फुटली, हे मोजत होतं. पूर्वी फुटलेली काच ज्याच्या त्याच्या पेटीत पडायची आणि संध्याकाळी पेटीचं वजन व्हायचं. मुकादमाचे हात गेल्या वर्षापासून थरथरत होते. हे भावाला माहीत होतं. उस्तादाने मोडलेले तुकडे तो दिवसभर आपल्या पेटीत टाकायचा आणि संध्याकाळी वजनाच्या वेळी शिव्या आपण खायचा. कॅमेरा वजन बघत नाही, काच कुठे फुटली ते बघतो.

सत्काराच्या आदल्या दिवशी भाऊ तिला पॅकिंगच्या दाराशी भेटला.

"ताई, उद्या पडद्यावर काय दाखवणार?"

"मॅनेजरने तक्ता मागितलाय. यंत्राने काय काय पकडलं, तो."

"टेबलाप्रमाणे?"

"नावं काढलीत मी."

"नंबर?"

ती दारातली पेटी बाजूला सरकवू लागली.

"तीन नंबरचं टेबल कोणाचं, हे इथल्या कुत्र्यालाही माहीत आहे," तो म्हणाला.

ती मॅनेजरकडे गेली. टेबलं नकोत, एकच एकूण आकडा दाखवू, असं तिने सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "अहो, नंबरच आहेत, नावं कुठे आहेत? वरचे लोक येणार आहेत. आकडा नसला तर सत्कार कशाचा करायचा?" ती म्हणाली, "बरं." दोन वर्षं ती या सत्काराची वाट बघत होती. नवीन हुद्दाही त्याच दिवशी जाहीर होणार होता, ऑटोमेशन तंत्रज्ञ. पॅकिंगमधून त्या हुद्द्यावर गेलेली ती पहिलीच.

समारंभ वेळेवर सुरू झाला. फुलं देऊन झाली. तिने मंचावरच्या प्रात्यक्षिकाच्या टेबलावर एक काच मोडून दाखवली, काचेची लांब पट्टी तिथेच पडून राहिली. दिवा लाल झाला, टाळ्या पडल्या. पॅकिंगच्या बायका मागे उभ्या होत्या. एकीने शिट्टी मारली. मग मॅनेजरने स्वतः पडद्यावर तक्ता लावला. पाच टेबलांचे पाच खांब. चार खांब गुडघ्याएवढे, तिसरा पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला.

"हे तीन नंबर कोण आहेत बुवा?" मॅनेजर माइकवरून म्हणाला. "यांना आपण काच फोडण्याचं बक्षीस देऊ."

कॅन्टीन हसलं. कटिंगवाले हसले नाहीत.

मुकादम पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून मंचावर गेला. पुढचं बोलणं माइकमधून ऐकू आलं.

"बंद कर ते."

"भाऊजी, दोन मिनिटं. खाली बसा."

"बंद कर म्हणतो ना."

"होतंय, होतंय, मॅनेजरसाहेबांच्या हातात आहे ते..."

ती पडद्याकडे वळली, मॅनेजरला हात करून तक्ता काढायला सांगत होती. मुकादमाची पाठ लोकांकडे होती. भाऊ तोवर मंचाच्या पायरीवर पोचला होता. त्याच वेळी मॅनेजरने चुकून पुढचं पान लावलं आणि तिसरा खांब पडदाभर मोठा झाला. लोकांच्या माना वर गेल्या. काच फुटल्याचा आवाज आला. मग चौकट पडली.

कॉम्प्युटरमध्ये चित्र आहे. प्रात्यक्षिकाचा कॅमेरा चालूच होता. पट्टी फुटली तेव्हापासून ते सुरू होतं. पहिल्याच चित्रात पट्टीचे तुकडे हवेत आहेत, तिचं डोकं एका बाजूला फेकलं गेलंय आणि भावाचे दोन्ही तळवे मुकादमाच्या छातीवर आहेत. त्याआधीचं यंत्राने टाकून दिलेलं आहे.

भावाच्या वकिलाचं म्हणणं, बहिणीवर वार झाला म्हणून त्याने ढकललं. मुकादमाच्या घरच्यांचं म्हणणं, मुकादम पडद्याची वायर कापायला पट्टी घेऊन उभा होता, धक्का बसल्यावर ती तिला लागली. पहिलं खरं ठरलं तर भाऊ काही महिन्यांत सुटेल. दुसरं खरं ठरलं आणि मुकादम गेला, तर तो म्हातारा होऊन बाहेर येईल.

त्याच दुपारी कटिंगवाल्यांनी पाचही टेबलांवरचे कॅमेरे हातोड्यांनी फोडले. आडव्या आलेल्या पहारेकऱ्याला त्यांनी रुळांवर पाडून मारलं. त्याचा जबडा मोडला. मॅनेजर मागच्या दाराने निघून गेला म्हणून वाचला, पण त्याची गाडी नाही वाचली. पॅकिंगच्या बायकांनी दाराला आतून पेट्या लावल्या आणि पोलीस येईपर्यंत उघडलं नाही. बाहेरून कोणीतरी ओरडत होतं, "तुमच्या हातांसाठी आमचे हात गेले!" आतून एक बाई ओरडली, "मग आत ये, तुझा पण बघते!"

संध्याकाळी भावाच्या घराच्या खिडक्या फुटल्या. एक वीट त्याच्या बायकोच्या खांद्याला लागली.

दुसऱ्या दिवशी थोरली जाऊ रुग्णालयात आली. मुकादमाचा पाय तोवर मांडीपासून काढला होता. जाऊ बायकांच्या वॉर्डात सरळ चालत आली, धाकट्या जावेच्या खाटेपाशी थांबली.

"नंबरच होते ना नुसते?"

"वहिनी, मी..."

"घरात माझ्या हातचं खाल्लंस. मला एकदा सांगायचं होतंस, त्याचे हात थरथरतात म्हणून. मी घरी बसवला असता त्याला."

तिने उत्तर द्यायच्या आत जावेने तिचे केस धरले आणि डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं. दोनदा. नर्सने आणि एका रुग्णाच्या मुलाने ओढून बाजूला केलं तोवर कपाळाचे टाके उसवले होते आणि जावेच्या मुठीत केसांचा पुंजका होता. नवरा दारात उभा होता. त्याने बायकोच्या कपाळावर चादरीचा कोपरा दाबून धरला.

"मी आवरायला हवं होतं तिला," तो म्हणाला.

"तू कोणाकडून आहेस?"

"दादाचा पाय गेलाय. ते बघ आधी." मग थोड्या वेळाने: "तू काय पाहिलंस?"

"पडदा."

"मग तेच सांग."

भावाची बायको दुपारी आली, हात गळ्यात बांधलेला. तिचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, तुम्ही फक्त म्हणा, आधी वार झाला. कपाळ तुमचं, टाके तुमचे. कोण तुम्हाला खोटं म्हणणार आहे?"

"मला माहीतच नाही गं."

"माहीत नाही म्हणून त्याला आत सडू देणार?"

तपास अधिकारी तिसऱ्या दिवशी आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की आता तिच्या जबाबाची फारशी गरज उरलेली नाही. भावाने लिहून दिलं आहे, आधी मीच ढकललं, उस्तादांनी हात उचललाच नव्हता.

"मारलंत त्याला?" तिने विचारलं.

"कारखान्यात त्याला जेवढा मार पडला तेवढा पुरे होता. आम्ही हात लावला नाही. आपण होऊन बोलला."

"त्याचं ऐकू नका."

"का?"

"उस्तादांनी फोडलेलं तो आपल्या पेटीत टाकतो. रोज टाकायचा. विचारा कटिंगमध्ये कोणालाही."

अधिकाऱ्याने हे लिहून घेतलं, पण ते कशाचा पुरावा आहे असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. तो उठला. दारापर्यंत गेला. तेव्हा तिने त्याला परत बोलावलं.

कॅमेऱ्याच्या आत एक कार्ड असतं, तिने सांगितलं. नखाएवढं. काच फुटण्याआधीचं कॉम्प्युटर टाकून देतो, कार्ड टाकत नाही. कार्डावर सगळं येतं आणि तासाभराने जुन्यावर नवं चढतं. टेबलांवरचे कॅमेरे त्यांनी फोडले. कॅन्टीनमधला फोडला नाही, तो चौकटीखाली होता. चौकट पडली तेव्हाच त्याची वायर तुटली. म्हणजे त्यावर नंतरचं काही चढलेलं नाही.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाही नाही."

"भावाच्या वकिलाला?"

"नाही."

अधिकारी पुन्हा बसला. "बाई, त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"भाऊ म्हणतोय तसंच निघालं तर?"

तिने कपाळाच्या पट्टीला हात लावला, पुन्हा रक्त येतंय का ते बोटावर पाहिलं.

"तर निघू दे," ती म्हणाली. "पण त्याच्या तोंडचं घेऊ नका."

कॅमेरा त्याच संध्याकाळी कॅन्टीनच्या काचांमधून काढण्यात आला. त्याचं कवच चेपलं होतं. प्रयोगशाळेने कळवलं की कार्डाचा कोपरा तुटला आहे, पण ते वाचता येईल असं दिसतं. मात्र साठवण्याची पद्धत तिने स्वतः लिहिलेली असल्यामुळे ते उघडायला तिची मदत लागेल. भावाच्या बायकोने हे ऐकून तिला फोनवर एवढंच विचारलं, "तुम्हाला हे कोणी सांगायला सांगितलं होतं?" आणि फोन ठेवला. कंपनीने पत्र पाठवून कळवलं की सत्कार आणि नवीन हुद्दा दोन्ही कायम आहेत आणि तिने सवडीने रुजू व्हावं. कटिंग विभाग बंद आहे. पॅकिंग चालू आहे, जुन्या मालावर.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ती नवऱ्याबरोबर प्रयोगशाळेत पोचली. नवऱ्याला आत घेतलं नाही. बाहेरच्या बाकावर एका टोकाला भावाची बायको बसली होती, दुसऱ्या टोकाला थोरली जाऊ. मध्ये एक पोलीस. नवरा कोणाशेजारीच बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. साडेदहाला जावेला रुग्णालयातून फोन आला की मुकादमाला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी नेलं आहे. ती उठली नाही.

कार्ड अकराच्या सुमारास उघडलं, असं आतून पाण्यासाठी बाहेर आलेल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं. अधिकाऱ्याने तिला सांगितलं होतं, पाहायचं नसेल तर बाहेर थांबा. ती आतच राहिली. एक वाजला तरी दार बंदच होतं.